तापात शुद्ध हरपली, तर सकाळची वाट पाहू नका

‘आमचे कुटुंब चार पिढ्यांपासून बडोद्यात आहे, दांडिया बाजारात. आमच्याकडे नऊ वर्षांपासून धुण्याभांड्याला येणाऱ्या बेन मूळच्या छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या गावी बहिणीच्या पाच वर्षांच्या मुलाला ताप आला, रात्री झटके सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो रुग्णालयात दगावला. घरच्यांना ‘मगजनो ताव’, म्हणजे मेंदूज्वर, असे सांगण्यात आले. कागदावर ‘एईएस’ एवढेच लिहिले आहे. बेनची सात वर्षांची मुलगी शाळेला सुट्टी असली की आमच्याकडे येते आणि माझ्या साडेतीन वर्षांच्या नातवाशी खेळते. ती त्या दिवसांत गावी गेलेली नव्हती, तरी सुनेने आता धास्ती घेतली आहे, कारण गेल्या वर्षी तापात नातवालाही एकदा झटका आला होता. बेनना पावसाळा संपेपर्यंत येऊ नका असे सांगावे, असे तिचे म्हणणे आहे. कोणी सांगते हा आजार लिचीने होतो, कोणी सांगते लस निघाली आहे. मी नेमके काय करावे?’

– एक आजी, बडोदे

ताई,

तुमच्या पत्रातले सगळे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण एका प्रश्नाचे उत्तर आजच द्यायला हवे, कारण त्यावर एका बाईची रोजी आणि एका लहान मुलीचे तुमच्या घरातले स्थान अवलंबून आहे. बेनना येऊ द्या आणि त्यांच्या मुलीलाही येऊ द्या. गुजरातमध्ये पावसाळ्याच्या दिवसांत ज्या आजाराचा पहिला संशय घेतला जातो, तो चांदीपुरा विषाणूचा मेंदूज्वर, एका मुलापासून दुसऱ्या मुलाला खेळण्याने, स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. त्यासाठी विषाणू बाळगणारी वाळूमाशी चावावी लागते. जपानी मेंदूज्वर डासामुळे होतो आणि त्यात तर माणूस हा विषाणूच्या प्रवासाचा शेवटचा थांबा असतो, म्हणजे रुग्णाला चावलेला डास तो आजार पुढे नेत नाही. गोवर, गालगुंड किंवा आतड्यांत वाढणारे काही विषाणू यांची लागण एकमेकांपासून होते हे खरे, आणि त्यांच्यामुळेही क्वचित मेंदूला सूज येते. परंतु ज्या मुलीची त्या आजारी मुलाशी गाठच पडलेली नाही आणि जी तीन आठवड्यांनंतरही ठणठणीत आहे, तिच्यापासून तुमच्या नातवाला कोणताही धोका संभवत नाही. ही गोष्ट सूनबाईंना तुम्ही शांतपणे सांगावी. त्यांच्या धास्तीला मी दोष देत नाही, कारण तीस तासांत मूल गेल्याची बातमी घरात आल्यावर कोणत्याही आईच्या मनाची तीच अवस्था होईल.

आता त्या कागदावरच्या तीन अक्षरांविषयी. ‘एईएस’ हे रोगाचे नाव नाही. अचानक ताप येऊन मुलाची शुद्ध हरपली, ते भलतेच बरळू लागले, बोलेनासे झाले, किंवा साध्या तापाच्या झटक्यांत न बसणारे झटके त्याला नव्याने येऊ लागले, की डॉक्टरांनी त्याची नोंद ‘तीव्र मेंदूज्वर लक्षणसमूह’ अशी करावी, असा संकेत आहे. कारण कळेपर्यंत एकही रुग्ण नोंदीतून निसटू नये, म्हणून हे जाळे मुद्दाम मोठे ठेवलेले आहे. त्या जाळ्यात मेंदूचा विषाणुजन्य दाह येतो, मेंदूच्या आवरणांचा जिवाणूंमुळे होणारा दाह येतो, क्षयरोगाचा मेंदूज्वर येतो, मेंदूत गेलेला हिवताप येतो, आणि ज्यात मेंदूला दाह मुळीच नसून रक्तातली साखर किंवा एखादे विष कारणीभूत असते, असेही आजार येतात. आपण घरी ‘मेंदूज्वर’ म्हणतो आणि एक रोग डोळ्यांपुढे आणतो, पण प्रत्यक्षात ते एका दारावरचे नाव आहे आणि त्या दारामागे अनेक खोल्या आहेत. प्रत्येक खोलीतला उपचार वेगळा असल्यामुळे, कारण शोधणे हे डॉक्टरांचे कुतूहल नसून मुलाचा जीव वाचवण्याचा मार्ग असतो.

चांदीपुराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या भागात तेच नाव ऐकू येते. चांदीपुरा हे नागपूरजवळचे गाव. १९६५ मध्ये तेथील तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांना हा विषाणू सापडला, म्हणून त्याला गावाचे नाव मिळाले. जवळजवळ चार दशके तो फारसा चर्चेत नव्हता. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची मोठी साथ आली, ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतील १८३ दगावली, तेव्हा या विषाणूचे उग्र रूप समोर आले. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, गुजरातच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत त्याचा उद्रेक झाला आणि त्यात दर चार मुलांपैकी तीन मुले वाचू शकली नाहीत. २००७ मध्ये विदर्भातही त्याने मुले नेली. आणि २०२४ चा पावसाळा तर तुम्हाला आठवतच असेल. त्या वर्षी जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत देशातील ४३ जिल्ह्यांतून तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील ८२ जण मृत्यू पावले; चांदीपुरा विषाणू मात्र ६४ रुग्णांमध्ये निश्चित झाला, त्यांपैकी ६१ गुजरातमधील आणि ३ राजस्थानमधील होते. या आकड्यांकडे जरा थांबून पाहावे. दोन दशकांतल्या इतक्या मोठ्या साथीतसुद्धा, ज्यांना वर्तमानपत्रांनी सरसकट ‘चांदीपुराचे रुग्ण’ म्हटले, त्यांतल्या सुमारे चौघांपैकी एकाच्याच शरीरात तो विषाणू सिद्ध झाला. बाकीच्यांना काय झाले होते, हा प्रश्न साथ ओसरली की मागे पडतो, आणि माझ्या मते हीच या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी उणीव आहे.

वाळूमाशी डासापेक्षा पुष्कळ लहान, दोन-तीन मिलिमीटरची, अंगावर बारीक लव असलेली आणि आवाज न करणारी असते. ती दूर उडत नाही, जमिनीलगत उड्या मारल्यासारखी जाते आणि संध्याकाळपासून रात्रभर चावते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्याचा ओलसर कोपरा, घराला टेकून ठेवलेला शेणाचा उकिरडा, जेथे दमट माती आणि कुजणारा पालापाचोळा एकत्र असतो, तेथे ती वाढते. तिने विषाणू शरीरात सोडला, की बहुधा मोठ्या माणसाला काही होत नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलांना मात्र, आणि त्यातही लहानग्यांना, एकाएकी भडकलेला ताप, उलट्या, झटके आणि बेशुद्धी असा क्रम काही तासांत गाठतो. अनेक मुले लक्षणे सुरू झाल्यापासून २४ ते ४८ तासांत जातात. या विषाणूवर नेमके औषध नाही आणि लसही नाही. ‘लस निघाली आहे’ हे तुमच्या कानावर आलेले बोलणे चांदीपुराच्या बाबतीत खरे नाही. मग रुग्णालयात नेऊन उपयोग काय, असा प्रश्न काही कुटुंबे विचारतात आणि तो प्रश्न ऐकला की मला फार वाईट वाटते. झटके थांबवणे, मेंदूवरचा दाब उतरवणे, श्वास चालू ठेवणे, रक्तदाब आणि साखर सांभाळणे, या गोष्टी वेळेवर झाल्या तर विषाणूविरुद्ध औषध नसतानाही मूल वाचू शकते, आणि उशीर झाला तर औषध असलेल्या आजारातही वाचत नाही.

लस ज्याची निघालेली आहे, तो जपानी मेंदूज्वर. भारतात त्याचे रुग्ण प्रथम १९५५ मध्ये वेल्लूरला ओळखले गेले. भातखाचरांच्या पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास, बगळ्यांसारखे पाणथळीचे पक्षी आणि डुकरे यांच्यात हा विषाणू फिरत राहतो आणि माणूस त्यात अपघाताने सापडतो. लागण झालेल्या सुमारे अडीचशे जणांपैकी एकालाच गंभीर आजार होतो, पण तो एक बहुतेक वेळा मूल असते. २००५ मध्ये गोरखपूर आणि भोवतालच्या पूर्व उत्तर प्रदेशात या मेंदूज्वराचे ५,७०० हून अधिक रुग्ण आणि १,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्यानंतर २००६ पासून अशा जिल्ह्यांत मुलांना लस देण्यास सुरुवात झाली, आणि आता जेथे या रोगाचा प्रादुर्भाव आहे तेथे नवव्या महिन्यात एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी, अशा दोन मात्रा नियमित लसीकरणात दिल्या जातात. ती प्रत्येक जिल्ह्यात दिली जात नाही, म्हणून तुमच्या प्रभागाच्या आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे.

गोरखपूरची पुढची हकिकत मला सर्वांत जास्त शिकवणारी वाटते. लसीकरण झाले, जपानी मेंदूज्वराचे रुग्ण घटले, आणि तरीही दर पावसाळ्यात बेशुद्ध मुलांनी तेथील खाटा भरतच राहिल्या. कित्येक वर्षे ‘अज्ञात विषाणू’ असे म्हटले गेले. नंतर नीट शोध घेतला तेव्हा त्यांतल्या बहुसंख्य मुलांना स्क्रब टायफस असल्याचे आढळले. हा विषाणूचा नव्हे, जिवाणूचा आजार आहे. गवता-झुडपांत राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माइट नावाच्या जीवाची अळी चावल्याने तो होतो, आणि चाव्याच्या जागी कधीकधी विडीचा चटका बसल्यासारखा काळा व्रण दिसतो. डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन ही कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणारी, स्वस्त औषधे तापाच्या पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांनी सुरू केली, तर आजार मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे इतकी वर्षे जी मुले ‘मेंदूज्वराने’ गेली, त्यांतली कितीतरी काही रुपयांच्या औषधाने वाचली असती. कारण न शोधण्याची किंमत ती हीच.

लिचीबद्दल तुमच्या शेजाऱ्यांनी सांगितले ते पूर्ण खोटे नाही, पण अर्धेच आहे, आणि ते मुजफ्फरपूरचे आहे, बडोद्याचे नव्हे. बिहारमधील त्या जिल्ह्यात १९९५ पासून उन्हाळ्यात, लिचीच्या हंगामात, मुले पहाटे झटके येऊन बेशुद्ध पडत आणि सूर्य वर येईपर्यंत अनेक जण गेलेले असत. २०१४ मध्ये तेथे झालेल्या तपासणीत दिसले, की या मुलांच्या रक्तातली साखर अत्यंत खाली गेलेली होती. लिचीच्या फळात, विशेषतः कच्च्या फळात आणि बीमध्ये, अशी द्रव्ये असतात जी उपाशीपोटी शरीराला साखर तयार करू देत नाहीत. पोटभर जेवलेल्या मुलाला त्यांचा त्रास होत नाही. दिवसभर बागेत पडलेली फळे खाऊन रात्री न जेवता झोपलेल्या, आधीच कृश असलेल्या मुलाच्या यकृतात मात्र साखरेचा साठा नसतो आणि पहाटे त्याचा मेंदू उपाशी पडतो. तुमच्या नातवाने जेवणानंतर चार लिच्या खाल्ल्या तर काही बिघडणार नाही. तेथील मुलांचा खरा आजार लिची हा नव्हता, रात्रीचे रिकामे ताट हा होता. आणि ‘मुलाला रात्री जेवल्याशिवाय झोपू देऊ नका’ हा सल्ला जेथे पोहोचला आणि दवाखान्यात शिरेतून तत्काळ साखर देण्याची सोय जेथे झाली, तेथे मृत्यू कमी झाले. जेथे ढिलाई झाली तेथे २०१९ मध्ये पुन्हा शंभराहून अधिक मुले गेली. पश्चिम उत्तर प्रदेशातही एक असाच ‘मेंदूज्वर’ अनेक वर्षे विषाणूच्या नावावर खपला. शेवटी तो कासविंद्याच्या शेंगांतले बी खेळता खेळता खाणाऱ्या मुलांना झालेली विषबाधा निघाला.

साखरेचा विषय निघाला म्हणून एक आठवण सांगतो, जी मी आजवर छापील मजकुरात कधी लिहिली नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका तालुक्याच्या दवाखान्यात चार वर्षांच्या मुलीला पहाटे आणले होते. झटके चालू होते, अंग गरम होते. आम्ही झटक्याचे इंजेक्शन दिले, ताप उतरवला, जिवाणूविरोधी औषध सुरू केले आणि नोंदवहीत मी माझ्या हाताने ‘मेंदूज्वर’ असे लिहिले. तिची साखर तपासायला दीड तास गेला. ती जवळजवळ नाहीच इतकी खाली होती. रात्री ती न जेवता झोपली होती, हे आईला ठाऊक होते, पण आम्ही विचारले नव्हते. मुलगी वाचली, परंतु तिची वाचा परत आली नाही. त्यानंतर मी नोकरीत असेपर्यंत, बेशुद्ध मूल दारात आले की बोटाच्या टोकावरचा तो एक थेंब सर्वांत आधी घेतला गेला पाहिजे, याविषयी कोणाशीही तडजोड केली नाही. तुम्हीही रुग्णालयात ‘साखर पाहिली का?’ असे विचारण्यास संकोच करू नका.

आता तुमच्या नातवाचा झटका. सहा महिने ते पाच वर्षे या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ताप चढताना झटका येतो. तो सर्व अंगाला येतो, बहुधा दोन-चार मिनिटांत, फार तर पंधरा मिनिटांच्या आत थांबतो, चोवीस तासांत पुन्हा येत नाही, आणि त्यानंतर थोडे पेंगून मूल आईला ओळखू लागते, पाणी मागते. हा साधा तापाचा झटका होय. त्याने मेंदूला इजा होत नाही आणि त्यामुळे मेंदूज्वराची शक्यता वाढत नाही. अशा मुलांपैकी सुमारे एकतृतीयांशांना पुन्हा एखाद्या तापात तसा झटका येऊ शकतो, म्हणून तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून नाकात फवारण्याचे औषध घरात ठेवता येईल. फरक ओळखण्याची खूण एकच धरून ठेवा: झटका थांबल्यावर मूल हळूहळू पूर्वीसारखे होत आहे, की नाही? अर्धा तास गेला तरी ते डोळे स्थिर करत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, झटके पुन्हा पुन्हा येत असतील, एकाच अंगाला येत असतील, मान ताठ झाली असेल, किंवा झटका नसतानाही तापात ते सतत ओकत असेल, गुंगीत असेल, ओळखीच्या माणसाकडे अनोळखीपणे पाहत असेल, तर रात्र किती झाली याचा विचार न करता निघायचे. ताप उतरण्याची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करावा, आणि ज्या ठिकाणी बालकांचा अतिदक्षता विभाग आहे तेथे थेट जावे. बडोद्यात सयाजी रुग्णालयात रात्री-अपरात्री मूल घेतले जाते.

झटका चालू असताना मुलाला कुशीवर वळवावे, तोंडातील लाळ बाहेर वाहू द्यावी, घड्याळ पाहावे. दातांत चमचा घालू नये, पाणी पाजू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. तापासाठी ॲस्पिरिन मुलांना कधीही देऊ नये, कारण विषाणूंच्या तापात त्यामुळे यकृत आणि मेंदू दोन्ही निकामी करणारा आजार उद्भवू शकतो. डॉक्टरांना सांगण्याच्या गोष्टी वाटेत आठवून ठेवाव्यात: ताप कधी आला, गेल्या दोन-तीन आठवड्यांत मूल कोणत्या गावी होते, रात्री जेवले होते का, कोणते बी किंवा फळ खाल्ले का, अंगावर चाव्याचा व्रण आहे का, गेल्या काही महिन्यांत कुत्रा चावला किंवा नुसता ओरखडला होता का. शेवटचा प्रश्न अनेकांना विचित्र वाटतो. परंतु रेबीज हाही मेंदूचाच दाह आहे, तो एकदा सुरू झाला की जवळजवळ कोणीच वाचत नाही, आणि मुले कुत्र्याचा ओरखडा मार मिळेल या भीतीने घरी सांगत नाहीत.

एका गैरसमजामुळे मी अनेक मुले गमावलेली पाहिली आहेत, तो येथे लिहिल्यावाचून राहवत नाही. पाठीतून पाणी काढले की मूल पांगळे होते, असे समजून नातेवाईक सही देत नाहीत. ते पाणी मेंदूभोवतीचेच असते, अनुभवी हातांनी ते बारीक सुईने घेतले जाते, आणि त्यातूनच कळते, की हा जिवाणूंचा आजार आहे, क्षयाचा आहे, की विषाणूचा. हर्पिस नावाच्या विषाणूने होणाऱ्या मेंदूज्वरावर असायक्लोव्हिर हे चांगले औषध आहे, पण ते दाह पसरण्यापूर्वी सुरू व्हावे लागते. आणखी एक प्रकार असा, की त्यात कोणताही जंतू नसतो, शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते. शहाणी, अभ्यासू मुलगी आठ-पंधरा दिवसांत विक्षिप्त वागू लागते, बरळते, रात्र-रात्र झोपत नाही, तोंड वेडेवाकडे हलवते. अशा मुलींना भुव्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, नेण्यात आठवडे जातात, आणि त्यातली बहुतेक पुढे वेळेवरच्या उपचारांनी शाळेत परत गेलेली असती.

सूनबाईंची भीती मी समजू शकतो, तरीही या आजाराचे ओझे कोणाच्या अंगावर पडते, हे त्यांच्यापुढे ठेवावे असे मला वाटते. छोटा उदेपूर २०१३ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग होता, आणि अजूनही तेथले गंभीर आजारी मूल शंभर किलोमीटरहून अधिक रस्ता कापून बडोद्यालाच येते. जो मुलगा गेला, त्याचे घर बहुधा मातीच्या भिंतींचे असेल, गोठा लागून असेल, मुले जमिनीवर झोपत असतील. ज्या घराला फरशी आहे, खिडकीला जाळी आहे, जेथे मूल पलंगावर झोपते, तेथे वाळूमाशी क्वचितच पोहोचते. त्या मुलाला ताप आला तेव्हा जवळचा दवाखाना बंद असेल, वाहन मिळेपर्यंत दोन-तीन तास गेले असतील, आणि प्रत्येक तास झटके चालू राहिले असतील. मृत्यू मोजले जातात, कारण त्यांची नोंद होते. जी मुले वाचतात त्यांचे काय होते, हे कोणी तितक्या काळजीने मोजत नाही. जपानी मेंदूज्वरातून वाचलेल्या मुलांपैकी ३० ते ५० टक्के मुलांना कायमचे काहीतरी मागे राहते: हात आखडतो, बोलणे अडखळते, झटके जडतात, वर्गात बसवत नाही, स्वभाव चिडका होतो. त्या मुलापाशी कोणीतरी घरी थांबावे लागते, आणि बहुधा आईची मजुरी सुटते. रुग्णालयातून घरी पाठवताना दिलेल्या कागदावर व्यायामोपचाराची तारीख असते, पण ते केंद्र जिल्ह्याच्या गावी, आणि एसटीचे भाडे दोघांचे. मूल वाचले म्हणून आपण हुश्श म्हणतो आणि त्या घराकडे पाठ फिरवतो. त्या घराचे खरे दिवस तेथून पुढे सुरू होतात.

म्हणून बेनना येऊ नका म्हणण्याऐवजी काही गोष्टी तुमच्या हातून व्हाव्यात असे वाटते. पावसाळ्यात त्या पेरणीला किंवा सणाला गावी जातातच. त्यांना बारीक विणीची, शक्य असल्यास कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी द्या. मोठ्या भोकांच्या जाळीतून वाळूमाशी सहज शिरते. मुलीला जमिनीवर न झोपवता खाटेवर आणि भिंतीपासून हाताभर दूर झोपवावे, संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. गावच्या घराच्या भिंतींतल्या भेगा लिंपून घ्याव्यात, शेणाचा ढीग घरापासून लांब न्यावा, आणि आशाबेन किंवा आरोग्य कर्मचारी भिंतींत कीटकनाशक भुकटी टाकायला आले तर त्यांना आत, झोपण्याच्या खोलीपर्यंत येऊ द्यावे. ‘घर आत्ताच सारवले आहे’ म्हणून परत पाठवू नये. वर सांगितलेल्या लक्षणांच्या खुणा त्यांच्याशी त्यांच्या भाषेत, दोनदा बोला, आणि रात्री तसे काही झाले तर तुमच्या घरी फोन करायचा, पैशांचा विचार नंतर, हे त्यांना स्पष्ट सांगा. खरे सांगायचे तर मूल वाचवण्यात अशा एका फोनचा वाटा कित्येकदा औषधांपेक्षा मोठा असतो.

त्यांच्या बहिणीच्या घरासाठीही एक काम आहे. त्या मुलाचे रक्त किंवा पाठीतले पाणी तपासणीसाठी पाठवले असेल, तर त्याचा अहवाल ज्या रुग्णालयात तो दाखल होता तेथे किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आलेला असणार. दुःखात बुडालेले, कमी शिकलेले कुटुंब तो मागायला जात नाही, आणि गेले तरी खिडकीवरून परत येते. तुमच्या घरातले कोणी एकदा त्यांच्यासोबत जावे. त्या घरात आणखी मुले असतील; अहवालात चांदीपुरा निघाला तर त्या वस्तीत फवारणी झाली की नाही हे विचारता येईल, दुसरे काही निघाले तर त्या मुलांची काळजी वेगळ्या रीतीने घ्यावी लागेल, आणि काहीच निघाले नसेल तर तेही त्या आईला कळले पाहिजे, कारण आपण मुलाला काय खायला घातले आणि काय चुकले, या विचाराने ती रात्रंदिवस जळत असणार.

लसींविषयी शेवटचे. गोवर झालेल्या साधारण हजार मुलांपैकी एकाला मेंदूचा दाह होतो, आणि काहींना तो अनेक वर्षांनी, मूल शाळेत जाऊ लागल्यावर, वेगळ्या आणि बरे न होणाऱ्या रूपात गाठतो. गोवर-रुबेलाच्या दोन मात्रा दोन्ही टाळतात. पाच रोगांवरची एकत्रित लस आणि न्यूमोकोकल लस जिवाणूंच्या मेंदूज्वराचा मोठा भाग रोखतात. या सगळ्या लसी सरकारी केंद्रात मोफत मिळतात. तुमच्या नातवाचे ममता कार्ड, म्हणजे लसींच्या नोंदीचे कार्ड, काढून एकदा तपासा, त्याच बैठकीत बेनच्या मुलीचेही पाहा, आणि एखादी मात्रा राहिलेली आढळली तर पुढच्या ममता दिवसाला, म्हणजे लसीकरणाच्या दिवशी, दोघांनाही एकाच रिक्षातून केंद्रावर घेऊन जा.